निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकाकी भाषा

दिवसाकाठी एकदा तरी 'बटाटा' हा शब्द ज्या घरात उच्चारला जात नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु पोर्तुगीज हे त्याचे मूळ धनी नव्हेत. १४९२ साली कोलंबसाची गलबते कॅरिबियन समुद्रातील बेटांना लागली, तेव्हा तेथे ताइनो नावाच्या लोकांची वस्ती होती. रताळ्याला ते लोक 'बटाटा' म्हणत. युरोपीय खलाशांनी कंदाबरोबर त्याचे नावही उचलले, पुढे तेच नाव दुसऱ्याच एका कंदाला दिले, आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर उतरला. खेड्यापाड्यांतून वीज येण्यापूर्वी ओसरीवर टांगलेला असे तो हरिकेन कंदील, त्यातील 'हरिकेन' हे नावही वादळाला ताइनो लोक जो शब्द वापरीत त्याचेच रूपांतर आहे.

ताइनो भाषा आज कोणाच्याही घरी बोलली जात नाही. युरोपीयांच्या आगमनानंतर आलेली रोगराई आणि सक्तीची मजुरी यांनी तो समाज मोडून काढला. तथापि भाषा गेली तरी तिचे काही शब्द जगाच्या तोंडी राहिले. शिवाय ताइनो ही आरावाक भाषाकुलातील होती आणि ह्या कुलातील कित्येक भाषा दक्षिण अमेरिकेत अद्याप बोलल्या जातात. त्यांपैकी लोकोनो ही भाषा गयाना, सुरिनाम ह्या प्रदेशांत मुख्यतः वृद्धांच्याच मुखी उरली आहे; तरीही, हयात बहिणींवरून मृत बहिणीचा चेहरा ताडावा, त्याप्रमाणे अशा भाषांवरून ताइनोचे स्वरूप पुष्कळसे जाणून घेता येते.

जिला बहीण नाही, जिचा एकही शब्द दुसऱ्यांच्या बाजारात चलनी झालेला नाही, आणि जी बोलणारे मोजके लोकच उरले आहेत, अशी भाषा गेली तर मागे काय राहील? हा प्रश्न दूरदेशीचा नाही. अशी एक भाषा महाराष्ट्रातच आहे. तिचे नाव निहाली.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जळगाव-जामोद नावाचा तालुका आहे. (खानदेशातील जळगाव ते हे नव्हे.) दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, कपाशीची जमीन आणि उत्तरेकडे एकाएकी उठलेली सातपुड्याची रांग, असा हा मुलूख. डोंगराच्या पायथ्याला आणि त्याच्या घड्यांतून जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावरा, वसाली अशी गावे आहेत. ह्या व आसपासच्या गावांतील निहाल समाजाच्या वस्त्यांतून ही भाषा बोलली जाते. ग्रंथांतून तिचा उल्लेख नहाली, नाहाली असाही होतो. बोलणाऱ्यांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे दोन ते अडीच हजार आहे. निहाल समाज याहून मोठा व दूरवर पसरलेला आहे. मेळघाटात आणि सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातही त्याची वस्ती आहे. परंतु तेथील निहालांनी फार पूर्वीच कोरकू किंवा हिंदी आपलीशी केली.

सरकारी कागदांत ह्या भाषेचा शोध घेऊ जाणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव आहे खरे, पण ते स्वतंत्रपणे नाही. कोरकू ह्या नोंदीखाली बोपची, मौआसी इत्यादी नावांच्या ओळीत ते बसविलेले आहे. जनगणनेच्या तक्त्यांत तर भाषेचे नावही आढळत नाही. देशभरात ज्यांचे भाषिक दहा हजारांहून कमी आहेत अशा भाषांची नावे प्रसिद्ध करावयाची नाहीत, अशी पद्धत १९७१ पासून चालत आली आहे. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत १२१ भाषांची नावे झळकली, त्यांत निहाली नव्हती. लहान भाषांना मोजण्याची गरज सर्वांत अधिक असताना नेमके त्यांनाच गाळावे, ही रीत चमत्कारिक म्हटली पाहिजे.

विद्वानांनी मात्र निहालीकडे पाठ फिरविली नाही. भाषाशास्त्राच्या इतिहासात ह्या दोन हजार लोकांच्या भाषेवर जितका वाद झाला, तितका पुष्कळ मोठ्या भाषांवरही झालेला नाही.

ह्या वादाचा आरंभ ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीपासून होतो. ह्या पाहणीचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. मुंडा व द्राविडी भाषांविषयीचा हा खंड स्टेन कोनो ह्या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला होता. त्याने निहालीचा समावेश मुंडा भाषांत, कोरकूच्या शेजारी केला. मूळची ही मुंडा भाषा, पुढे तिच्यावर द्राविडी संस्कार झाले व शेवटी आर्य भाषांचा लेप चढला, असे त्याचे मत होते. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही निहालांविषयी, भिल्ल आणि कोरकू यांच्या मिश्रणातून झालेली जमात असावी, असा तर्क आहे. भाषा मिश्र व माणसेही मिश्र ठरविली गेल्यामुळे प्रश्न मिटल्यासारखा झाला.

तो पुन्हा उकरून काढला रॉबर्ट शेफर ह्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने. १९४० साली त्याने दाखवून दिले की मुंडा, द्राविडी आणि आर्य असे सर्व थर खरवडून काढले तरी निहालीत काही शब्द उरतातच आणि ते कोणाचेच नाहीत. पुढे सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष निहाल वस्तीत जाऊन भाषेची टिपणे घेतली. ती १९५७ साली 'इंडियन लिंग्विस्टिक्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ह्याच सामग्रीचा मुख्य आधार घेऊन कायपर ह्या डच पंडिताने १९६२ साली निहालीचा तौलनिक अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. एकेका शब्दाचे कूळ शोधीत गेल्यावर त्याला असे आढळले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या शब्दांना भारतातील कोणत्याही भाषेत जोड मिळत नाही.

हा चौथा हिस्सा इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी भाषा उसनवारी कशी करते हे पाहिले पाहिजे. मराठीचेच उदाहरण घ्यावे. जमीन, बाजार, दुकान हे शब्द तिने फारसीतून घेतले. चावी, पगार पोर्तुगिजांकडून आले. इंग्रजी शब्दांची तर मोजदादच नको. परंतु मी, तू, हात, डोळा, कान, पाणी, खाणे, पिणे हे शब्द मराठीने कोणाकडून मागून आणले नाहीत. ते तिला वारशाने मिळाले. नवी वस्तू किंवा नवा कारभार आला की त्याचे नाव बाहेरून येते. अंगाच्या अवयवांची आणि रोजच्या क्रियांची नावे सहसा बदलत नाहीत. म्हणून भाषेचे कूळ ठरवावयाचे झाले तर विद्वान बाजारातले शब्द बाजूला ठेवतात आणि घरातले शब्द पाहतात. मराठी 'हात', हिंदी 'हाथ', गुजराती 'हाथ' हे शब्द शेजारी मांडले की तिन्ही भाषांची आई एक, हे शाळकरी मुलालाही कळते.

आता हीच कसोटी निहालीला लावून पाहावी. डोळ्याला कोरकूत 'मेड' म्हणतात, निहालीत 'जिकित'. कान कोरकूत 'लुतूर', निहालीत 'चिगम'. हात कोरकूत 'ती', निहालीत 'बोक्को'. पाणी कोरकूत 'डा', निहालीत 'जोप्पो'. कोरकूचे हे शब्द झारखंड-बंगालमधील संथाली, मुंडारी ह्या दूरच्या बहिणींत थोड्याफार फरकाने सापडतात. निहालीचे शब्द तेथे सापडत नाहीत. विस्तवाला 'आपो', झाडाला 'अड्डो', नाकाला 'चोन', रक्ताला 'चोर्टो', अंड्याला 'कलेन' हे शब्दही तसेच. ते नर्मदेच्या उत्तरेस नाहीत, गोदावरीच्या दक्षिणेस नाहीत आणि पूर्वेकडच्या डोंगरांतही नाहीत. उलट कुत्र्याला निहालीत 'नाय' म्हणतात, आणि तमिळातही कुत्र्याला 'नाय'च म्हणतात. म्हणजे एकाच तोंडी, एकाच वाक्यात, निरनिराळ्या काळांचे व निरनिराळ्या शेजारांचे ठसे उमटलेले असतात.

उसनवारीचे प्रमाण मात्र विलक्षण आहे. निहालीतील साठ-सत्तर टक्के शब्द बाहेरचे आहेत असा अंदाज आहे आणि त्यांत कोरकूचा वाटा सर्वांत मोठा आहे. शब्दच नव्हेत, तर कित्येक प्रत्ययही कोरकूवळणाचे आहेत. अमेरिकी अभ्यासक नॉर्मन झाइड यांनी निहालीची तुलना अल्बेनियन भाषेशी केली. उसन्या शब्दांनी गजबजलेली भाषा म्हणून पाठ्यपुस्तकांतून अल्बेनियनचा दाखला देण्याची प्रथा आहे. निहालीने तिलाही मागे टाकले, असा त्यांचा अभिप्राय आहे. एखाद्या जुन्या वाड्याची दारे, खिडक्या, छप्पर, फरशी सारे काही वेळोवेळी बदलले जावे आणि जोत्याचे दगड तेवढे मूळचे राहावेत, तशी ही स्थिती आहे. जोते कोणी घातले, हा प्रश्न आहे.

कायपर यांना एक शंका मात्र छळीत होती आणि ती त्यांनी लपविली नाही. हे अनाथ शब्द खरोखरीच प्राचीन आहेत, की इतरांना कळू नये म्हणून मुद्दाम बनविलेली ही एखादी सांकेतिक बोली आहे? शंका निराधार नव्हती. निहाल लोक पिढ्यान्पिढ्या कोरकू व इतर शेतकऱ्यांच्या शेतांवर मजुरी करीत आले. बाहेरच्यांशी ते कोरकूत, मराठीत किंवा हिंदीत बोलतात. मालकाला कळू नये असे काही असले की निहालीत बोलतात. शिवाय जुन्या लेखांतून निहालांवर लुटारूपणाचा शिक्का मारलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या भागातील एका सत्ताधाऱ्याने ह्याच आरोपावरून निहालांचा मोठा संहार करविला, असे झाइड यांनी नमूद केले आहे. ज्यांच्यावर असा शिक्का बसला, त्यांच्या भाषेवरही चोरबोलीचा संशय घेतला जावा, यात नवल नाही.

सांकेतिक बोली कशी असते हे मराठी मुलांना सांगावयास नको. 'च'ची भाषा बहुतेकांनी शाळेत असताना बोललेली असते. तीत 'पाणी' म्हणावयाचे झाल्यास 'चाणीप' म्हणतात. शब्द उलटेपालटे होतात, पण ते मराठीच शब्द असतात. वाक्याची रचना मराठीच असते. आणि थोडा कान दिला की कोणालाही उलगडा होतो. मोठ्या माणसांच्या गुप्त बोलीही बहुधा ह्याच वाटेने जातात : पोलीस, पैसा, माल असे निवडक शब्द तेवढे झाकावयाचे आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवावयाचे. निहालीत जे शब्द निराळे आहेत ते पोलीस आणि पैसा नव्हेत. ते नाक, कान, झाड, विस्तव आणि अंडे आहेत. आपले नाक कोणापासून लपवावयाचे? शिवाय ही भाषा घरात बोलली जाते, आईकडून मुलाला मिळते. ह्या कारणांनी आजचे बहुतेक अभ्यासक निहालीला चोरबोली न मानता स्वतंत्र भाषा मानतात; ज्या भाषेचे कोणत्याही कुलाशी नाते सिद्ध झालेले नाही अशी एकाकी भाषा. युरोपात बास्क, हुंझा खोऱ्यात बुरुशास्की, नेपाळात कुसुंडा अशी ह्या वर्गातील इतर उदाहरणे आहेत. जपानच्या उत्तरेकडील ऐनूपासून कुसुंडापर्यंत अनेकांशी निहालीची सोयरीक जुळविण्याचे प्रयत्न झाले, पण पत्रिका कोठेच जुळली नाही.

कायपर यांनी सुचविलेली शक्यता मात्र विचार करण्याजोगी आहे. आर्य, द्राविडी आणि मुंडा ह्या तिन्ही कुलांच्या भाषा मध्य भारतात पसरण्यापूर्वी तेथे जी माणसे राहत होती, त्यांच्या बोलीचा हा शेवटचा अवशेष असू शकेल. त्या माणसांनी शिलालेख कोरले नाहीत, नाणी पाडली नाहीत. त्यांच्याविषयी साक्ष देणारे काही उरले असलेच, तर ते जळगाव-जामोदच्या शेतांवर निंदणी-खुरपणी करणाऱ्या मजुरांच्या तोंडचे हे शेदोनशे शब्द. ही केवळ शक्यता आहे. परंतु ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधनही त्या शब्दांवाचून दुसरे नाही.

भाषा कशी सुटते याचे दुसरे एक उदाहरण येथे ताडून पाहणे उपयुक्त होईल. सोव्हिएत सहकार्याने छत्तीसगडमध्ये भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी पेटली. ह्या कारखान्याच्या निमित्ताने भारताच्या सर्व प्रांतांतून माणसे भिलाईस आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. वसाहतीत शेजारी तेलुगू, समोर बंगाली, पलीकडे मल्याळी, तेव्हा सर्वांच्या सोयीची भाषा हिंदी झाली. अशा गावी आजोबा मराठीत विचारतात आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हे दृश्य काही अपूर्व नव्हे. आजोबांना त्याचे वाईट वाटते. पण मराठी भाषेचे त्यात काही बिघडत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. त्या नातवाला पुढेमागे मराठी शिकावीशी वाटली तर नागपूरचे तिकीट काढले की पुरे.

निहाल नातवाला असे नागपूर नाही. जामोद-सोनबर्डीच्या आठदहा गावांत भाषा सुटली, तर ती पृथ्वीवरूनच सुटली. आणि ती सोडविणारी कारणे भिलाईपेक्षा अधिक जोरकस आहेत. आज केवळ निहाली बोलणारा, दुसरी भाषा न येणारा, असा एकही माणूस उरलेला नाही. शाळा मराठीत, बाजार मराठीत, दवाखाना आणि तहसील कचेरी मराठीत. निहालीला लिपी नाही, पुस्तक नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-क सांगते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आले. पण दोन हजार माणसांच्या, अक्षरे नसलेल्या भाषेपर्यंत असे कलम पोचणे सोपे नसते. मुलाला निहालीपेक्षा मराठी चांगली यावी असे जर आईबापांना वाटले, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मजुरी सोडून दुसरे काही मिळवावयाचे तर त्याची वाट मराठीतूनच जाते.

येथे एक विरोधाभास ध्यानात येतो. परक्यांना कळू नये म्हणून जी भाषा राखून ठेवली, ती त्या राखणीमुळेच इतकी वर्षे टिकली असावी. मेळघाटातील निहालांनी ती सोडली. जळगाव-जामोदच्या निहालांपाशी ती कुंपणासारखी उभी राहिली. पण ह्याच कुंपणामुळे ती बाहेरच्या कोणाच्या कानी पडली नाही. शेजारच्या गावातील मराठी शेतकऱ्याला निहाल ओळखीचे असतात, त्यांच्या भाषेचा एक शब्दही सहसा ठाऊक नसतो.

गेल्या काही दशकांत ह्या कुंपणाच्या आत जाऊन काम करणारे अभ्यासक निघाले, ही समाधानाची गोष्ट आहे. आशा मुंडले यांनी निहाल कोण आणि ते काय बोलतात ह्या प्रश्नांचा मागोवा घेऊन शब्दसंग्रह तयार केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचा निहालीचे व्याकरण, उतारे आणि शब्दसंग्रह यांचा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली प्रकाशित केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी निहालीच्या ध्वनिमुद्रणाचे व वर्णनाचे काम हाती घेतले. केंद्र सरकारने २०१३ साली म्हैसूरच्या ह्याच संस्थानामार्फत, दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांचे दस्तऐवजीकरण करण्याची योजना सुरू केली. जनगणनेच्या तक्त्यांतून जी मर्यादा भाषांना वगळीत होती, तीच येथे त्यांना आत घेण्यास कारण झाली.

ध्वनिमुद्रणाने भाषा जगत नाही, हेही तितकेच खरे. अंदमान बेटांतील बो भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी वारली. अन्विता अब्बी यांनी तिचे बोलणे मुद्रित करून ठेवले आहे आणि ते आजही ऐकता येते. पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तिच्याशी बो भाषेत बोलावयास दुसरे कोणी उरले नव्हते. निहाली त्या टोकाला गेलेली नाही. तीत अद्याप भांडणे होतात, थट्टा चालते, मुलांना रागे भरले जाते.

ह्या भाषेत अंक मोजले तर तिचा सारा इतिहास ओळीने ऐकू येतो. एकाला 'बिडुम' म्हणतात. हा शब्द तिचा स्वतःचा दिसतो. दोनाला 'इरार' आणि चाराला 'नालो', हे द्राविडी वळणाचे. दक्षिणेकडील कोणाही माणसाला ते ओळखू येतील. पाचापासून पुढे मात्र मोजणी शेजारच्या मराठी-हिंदीतल्यासारखीच चालू होते, आणि जामोदच्या शाळेत मुले पाढे म्हणतात ते एकापासूनच मराठीत.